चुलीवरचा रंग

वस्त्राच्या इतिहासात कातणाऱ्याला आणि विणणाऱ्याला जो मान मिळाला, तो रंगविणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच आला आहे. चरखा आपल्या राष्ट्रीय चळवळीचे चिन्ह बनला, मागाला संतांच्या वाणीत स्थान मिळाले. परंतु रंगाचे भांडे मात्र परसात किंवा ओढ्याकाठी उपेक्षितच राहिले. वस्तुतः कोणतेही वस्त्र पाहताच प्रथम डोळ्यांत भरतो तो त्याचा रंग. हा रंग पूर्वी कोणाच्या हाती होता, त्या हातांतून तो कसा निसटला आणि निसटताना आपल्याबरोबर काय घेऊन गेला, हा प्रश्न केवळ कारागिरीचा नाही. एखादे ज्ञान समाजात कसे जगते आणि कसे मरते, याचाही तो इतिहास आहे. हाताने कातावयाची लोकर घरच्या चुलीवर रंगविण्याची चाल ज्या थोड्या प्रदेशांत अगदी विसाव्या शतकापर्यंत टिकून होती, त्यांत स्कॉटलंडच्या वायव्येस अटलांटिक महासागरात पसरलेल्या बाह्य हेब्रिडीज बेटांची गणना करावी लागेल. तेथील लोकरीचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

लोकरीला रंग देण्याच्या वेळा तीन. कापड विणून झाल्यावर ते अखंड रंगवावे, सूत कातून झाल्यावर त्याच्या लडी रंगवाव्यात, किंवा कातण्यापूर्वीच मोकळी लोकर रंगवून घ्यावी. आपल्या देशात काश्मिरी शालीचे सूत स्त्रिया घरी कातीत आणि ते रंगविण्याचे काम मात्र व्यवसायाने रंगारी असलेल्यांकडे जाई. १८२२–२३ मध्ये काश्मिरात राहिलेल्या विल्यम मूरक्रॉफ्ट या इंग्रज प्रवाशाने अशी नोंद केली आहे, की मोगलांच्या काळी तेथील रंगारी तीनशेहून अधिक छटा काढीत, परंतु त्याच्या वेळेपर्यंत त्यांची संख्या ६४ वर आली होती. दख्खनच्या पठारावर याच्या अगदी उलट स्थिती दिसते. आपल्या धनगराच्या घोंगडीला रंगाऱ्याची गरजच पडत नाही. दख्खनी मेंढीच्या अंगावर जी काळी, करडी वा पांढरी लोकर येते, तिचेच सूत, त्याला चिंचोक्याची खळ आणि खड्ड्यातला माग, एवढ्यावर घोंगडी तयार होते. तिचा रंग म्हणजे मेंढीने दिलेले दान होय. हेब्रिडीजमधील रीत या दोहोंहून निराळी. तेथे रंगारी नावाची वेगळी जात वा श्रेणी नव्हती. प्रत्येक घरातील गृहिणी हीच रंगारीण, आणि तिच्या भांड्यात पडे ती न कातलेली, मोकळी लोकर.

ही रीत पडण्यास सबळ कारण आहे. मोकळी लोकर रंगविली की रंग तंतूच्या पोटात सारखा शिरतो, आणि कोठे थोडाफार कमीअधिक चढलाच, तरी पुढे लोकर विंचरताना तो दोष मिसळून नाहीसा होतो. शिवाय याच विंचरण्यात खरी कला साधता येते. तपकिरी लोकरीत थोडी पिवळी, किंचित निळी आणि मुळची पांढरी घालून ती एकत्र विंचरली, म्हणजे जे सूत निघते, त्याला एकच रंग नसतो. दुरून ते एका छटेचे भासते, पण जवळ नेले की त्यात अनेक रंगांचे तंतू वेगवेगळे दिसू लागतात. डोंगरउतारावरचे गवत किंवा पावसाने ओला झालेला खडक दिसतो, तसेच हे. अशी खोली कापड मागाहून रंगवून येत नाही. हेब्रिडीजच्या जाड्याभरड्या कापडाला पुढे जी कीर्ती लाभली, तिचे मर्म विणीइतकेच या मिश्रणात होते.

या बेटांवर झाडे विरळा. एका बाजूस खडक आणि दलदल, दुसऱ्या बाजूस समुद्राने आणून टाकलेल्या शंखवाळूचे हिरवे माळ. जळण म्हणजे दलदलीतून कापून वाळविलेले पीटचे थर. उन्हाळ्यात मेंढ्यांची कातरणी होई, आणि ऑगस्टच्या सुमारास रंगाची तयारी लागे. रंगाचे मोठे, तीन पायांचे लोखंडी भांडे घराबाहेर, ओढ्याच्या जवळ मांडले जाई. कारण पाणी पुष्कळ लागे आणि धूर घरात मावण्याजोगा नसे. लोकर आधी धुऊन तिच्यातील स्निग्धांश काढून टाकावा लागे. तेल राहिले तर रंग धरत नाही. लोकर हा प्राणिज तंतू असून त्यावर सूक्ष्म खवले असतात. गरम पाण्यातून ती एकदम थंड पाण्यात टाकली किंवा उकळताना फार ढवळली, तर हे खवले एकमेकांत अडकतात आणि लोकरीचा नमदा होऊन बसतो. म्हणून हळूहळू तापविणे, हळूहळू निवविणे आणि हात आवरून धरणे, हा या कामाचा पहिला धडा होता.

या भांड्यात पडणाऱ्या रंगद्रव्यांत सर्वांत प्रसिद्ध ते ‘क्रॉटल’. हे नाव परके वाटले, तरी वस्तू मराठी माणसाला अनोळखी नाही. आपल्या गोड्या मसाल्यात जे दगडफूल पडते, त्याच्याच कुळातील ही खडकावरची वाढ आहे. पाऊस पडून गेल्यावर, ती ओली आणि सैल असताना, बायका जुन्या चमच्याने वा पत्र्याच्या तुकड्याने खडक खरवडून ती गोळा करीत. मग भांड्यात एक थर क्रॉटलचा, एक थर लोकरीचा, पुन्हा क्रॉटलचा, असे थर रचून वर पाणी ओतावयाचे आणि पीटच्या आचेवर ते कित्येक तास उकळावयाचे. सामान्यतः लोकरीच्या वजनाइतकेच क्रॉटल घेत. आच जितका वेळ चाले, तितका रंग पिवळसर तपकिरीकडून गडद तांबूस तपकिरीकडे झुके. या रंगाचे वैशिष्ट्य असे, की त्याला तुरटीसारख्या रंगबंधकाची मदत लागत नाही. तो लोकरीला आपण होऊन धरतो, आणि त्याचा मातकट सुवास कापडाला वर्षानुवर्षे सोडत नाही. पुढे शहरातील गिऱ्हाईक कापड हातात घेऊन आधी त्याचा वास घेई आणि मग ते अस्सल की नक्कल हे ठरवी, ते या वासाच्या भरवशावर.

इतर रंगांचे मात्र इतके सोपे नव्हते. हेदर या झुडपाचे शेंडे उकळून पिवळा रंग निघे. पण तो टिकावा म्हणून लोकर आधी तुरटीत उकळून घ्यावी लागे. तुरटीतील धातूचा अंश एका बाजूने लोकरीला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवतो. आपले रंगारी हिरडा आणि तुरटी यांच्या योगाने सुती कापडावर मंजिष्ठेचा लाल रंग पक्का करीत, त्यामागील तत्त्व बव्हंशी हेच. दुकानची तुरटी मिळत नसे, त्या काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एक प्रकारचे शेवाळासारखे रानरोप त्या जागी वापरीत. ते जमिनीतील ॲल्युमिनियम आपल्या अंगात साठविते, हे रसायनशास्त्राला फार मागाहून उमगले. पिवळ्या आयरिसच्या मुळांना लोखंडाचा क्षार दिला की काळपट राखी छटा येई. लाल रंगासाठी वाळूच्या माळावर वाढणाऱ्या, मंजिष्ठेच्याच कुळातील एका नाजूक रोपाची मुळे खणावी लागत. परंतु ही मुळेच वाळू बांधून ठेवीत असत. ती खणली की वाऱ्याने जमीन उडून जाई, आणि म्हणून काही ठिकाणी ती खणण्यास मनाई होती. घरगुती उद्योगदेखील निसर्गाला सर्वस्वी निरुपद्रवी नसतो, हे यावरून लक्षात यावे.

निळा रंग हा या कथेचा भारताशी जुळणारा धागा आहे. बेटावर उगवणाऱ्या वनस्पतींतून भरदार, पक्का निळा रंग मिळत नसे; त्यासाठी नीळ विकत घ्यावी लागे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनच्या बाजारात येणारी नीळ मुख्यत्वे बंगालची असे. नीळ पाण्यात विरघळत नाही. ती आंबवून तिच्यातील प्राणवायू काढून घ्यावा लागतो. हेब्रिडीजमधील गृहिणी त्यासाठी शिळे मूत्र साठवून ते चुलीजवळ उबेत ठेवी आणि निळीची पुरचुंडी त्यात सोडी. या रांजणातून लोकर बाहेर काढली की ती हिरवट पिवळी दिसे आणि हवा लागताच पाहता पाहता निळी होई. आपल्याकडील निळाऱ्याच्या रांजणातही हाच चमत्कार घडत असे. त्या निळीमागे बंगालच्या रयतेवर लादलेली सक्ती होती आणि तिच्याविरुद्ध १८५९–६० मध्ये झालेला निळीचा उठाव होता, याची त्या गृहिणीला कल्पना असण्याचे कारण नव्हते. जगाच्या दोन टोकांची दोन गरीब घरे एका रंगाने बांधली गेली होती, एवढे खरे.

हे सर्व ज्ञान कोठे लिहिलेले नव्हते. कोणत्या खडकावरचे क्रॉटल चांगले, कोणत्या ओढ्याचे पाणी रंग उजळते, भांडे कधी उतरवावे, हे मुलगी आईच्या पाठीशी उभी राहून शिके. एका खेपेचा रंग दुसऱ्या खेपेशी तंतोतंत जुळत नसे. म्हणून एका कापडाला पुरेल एवढी लोकर एकाच वेळी रंगविणे आणि उरल्यासुरल्या फरकावर मिश्रणाने मात करणे, ही युक्ती ओघानेच आली. या ज्ञानाला समजुतींचीही जोड होती. समुद्रावर जाणारे कोळी क्रॉटलने रंगविलेले मोजे घालीत नसत. जे खडकावरून आले, ते पुन्हा खडकाकडे ओढ घेणार, असा त्यांचा विश्वास होता. ज्या किनाऱ्यावर खडकावर आपटणारी नाव म्हणजे घराचा सर्वनाश, तेथे ही भीती हास्यास्पद वाटत नाही.

घरच्या ज्ञानाची कारखान्याशी पहिली गाठ मात्र रसायनशास्त्राच्या उदयापूर्वीच पडली होती. १७५८ साली कथबर्ट गॉर्डन नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने दगडफुलाच्याच एका जातीपासून जांभळट तांबडा रंग काढण्याच्या रीतीचे एकस्व मिळविले, आणि १७७७ साली जॉर्ज मॅकिंटॉश याने ग्लासगो येथे या रंगाचा कारखाना काढला. ही युक्ती बाहेर फुटू नये म्हणून कारखान्याभोवती उंच भिंत उभारण्यात आली आणि गेलिक भाषा बोलणारे डोंगराळ भागातील मजूर कामावर ठेवण्यात आले. या भिंतीचा अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. जी विद्या उघड्या ओढ्याकाठी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत चालत होती, तिच्याच भाईबंदाला आता मालक आणि कुलूप लाभले होते.

बेटावरील घरगुती रंगाला बाजारपेठ मिळाली, ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. १८४० नंतरच्या दशकात हॅरिस बेटाच्या जमीनदार घराण्यातील लेडी डनमोर यांनी आपल्या कुळाच्या नमुन्याचे कापड तेथील विणकरांकडून करवून घेतले, आणि ते आपल्या प्रतिष्ठित परिचितांत प्रसृत केले. शिकारीला आणि मासेमारीला जाणाऱ्या धनिकांना हे उबदार, पावसाला दाद न देणारे कापड पसंत पडले. १८४६ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाने या भागाचे कंबरडे मोडले होते. अशा वेळी घरच्या मागावर चार पैसे मिळू लागले, ही लहान गोष्ट नव्हती. तथापि कापड घेणारा व्यापारी पुष्कळदा रोख पैशाऐवजी दुकानातील माल देई, आणि विणकराचे खाते उधारीत अडकून राही. कारागिराची कीर्ती आणि त्याची प्राप्ती या दोन गोष्टी बरोबरीने वाढतातच असे नाही, हा अनुभव आपल्याकडील विणकरालाही नवा नाही.

दरम्यान १८५६ साली लंडनमध्ये विल्यम हेन्री पर्किन या अवघ्या १८ वर्षांच्या विद्यार्थ्याने, कोयनेल कृत्रिम रीतीने करण्याच्या खटपटीत असता, डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यातून जांभळा रंग शोधून काढला. १८६८ मध्ये मंजिष्ठेतील रंगद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तयार केले, आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. युरोपातील मंजिष्ठेची शेते आणि बिहार-बंगालमधील निळीचे मळे यांच्यावर याचे जे परिणाम झाले, ते सर्वविश्रुत आहेत. घरातील भांड्यावर झालेला परिणाम तितका गाजावाजा न करता घडला. दुकानात चार पैशांची पुडी मिळू लागल्यावर खडक खरवडण्यात दिवस कोण घालविणार? पुडीतला रंग झटपट चढे, दर खेपेस सारखाच येई आणि लालभडक, जांभळा अशा पूर्वी दुर्लभ असलेल्या छटाही देई. लोकर रंगविणे घरातच राहिले, पण रंगाचे ज्ञान घराबाहेर, पुडी बांधणाऱ्याकडे गेले.

या उद्योगाचे पुढील स्थित्यंतर कायद्याच्या भाषेत स्पष्ट वाचता येते. नकली मालाला आळा घालण्यासाठी १९०९ साली हॅरिस ट्वीड असोसिएशनची स्थापना झाली, आणि पृथ्वीगोल व त्यावरील क्रूस हे चिन्ह १९११ पासून कापडावर उमटू लागले. पहिल्या व्याख्येनुसार हे कापड बाह्य हेब्रिडीजमध्ये हाताने कातलेले, हाताने विणलेले, तेथेच रंगविलेले आणि हातानेच पूर्ण केलेले असणे आवश्यक होते. परंतु मागणी वाढत चालली. एका मागाला पुरेसे सूत हाताने कातावयाचे तर अनेक कातणाऱ्या लागत. गिरणीचे सूत चालवावे की नाही, या वादाचे घोंगडे काही वर्षे भिजत पडले, आणि अखेर १९३४ साली व्याख्या बदलण्यात आली. कातणे आणि रंगविणे बेटावरच व्हावे, पण ते हातानेच व्हावे ही अट गेली. विणकराच्या घरी, हाताने, होणे आवश्यक राहिले ते फक्त विणकाम. या बदलाने उद्योग जगला, हे नाकारता येणार नाही. १९६६ साली उत्पादन ७० लाख यार्डांच्या पलीकडे गेले. १९९३ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्वतंत्र अधिनियम करून या कापडाला संरक्षण दिले, त्यातही हीच विभागणी कायम आहे. आजही या बेटांवरील गिरण्यांत लोकर कातण्यापूर्वीच रंगवितात आणि रंगीबेरंगी तंतूंचे मिश्रण करूनच सूत काढतात. म्हणजे रीत टिकली, तिची जागा मात्र बदलली. चुलीवरून ती गिरणीच्या हौदात गेली.

या स्थित्यंतराकडे पाहताना केवळ हळहळ व्यक्त करणे अन्यायाचे होईल. घरच्या रंगाचे सारे ओझे स्त्रियांच्या पाठीवर होते. पीट वाहणे, पाणी आणणे, भिजून जड झालेली लोकर ओढ्यात खळबळणे, कुबट रांजणाच्या वाफेत तासन्‌तास उभे राहणे, हे सर्व शेती, गुरे आणि मुले सांभाळून करावे लागे. रंगबंधक म्हणून पुढे वापरात आलेले क्रोमचे क्षार विषारी होते. शिवाय क्रॉटल वर्षाकाठी जेमतेम काही मिलिमीटर वाढते. लक्षावधी यार्ड कापड त्यावर रंगवावयाचे म्हटले असते, तर बेटांचे खडक केव्हाच उघडे पडले असते. पुडीतल्या रंगाचे ज्या बाईने मनापासून स्वागत केले, तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही ही विद्या सर्वस्वी लोपू नये असे ज्यांना वाटले, त्यांत एथेल मैरे यांचे नाव अग्रगण्य आहे. आनंद कुमारस्वामी यांच्या पत्नी या नात्याने त्या विसाव्या शतकाच्या आरंभी काही वर्षे सिंहलद्वीपात राहिल्या होत्या आणि तेथील हस्तकलांच्या अभ्यासात त्यांचा हातभार होता. पुढे इंग्लंडमध्ये परतल्यावर त्यांनी वनस्पतिज रंगांवर एक पुस्तक लिहून १९१६ साली प्रसिद्ध केले, आणि डिचलिंग या खेड्यात हाताने कातणे, रंगविणे व विणणे यांची कार्यशाळा चालविली. आईने मुलीला दिलेले ज्ञान त्यांनी वजनमापांसह कागदावर उतरविले. हॅरिस बेटावर मॅरियन कॅम्बेल (१९०९–१९९६) यांनी क्रॉटल खरवडण्यापासून कापड विणण्यापर्यंतची सारी कामे स्वतःच्या हाताने करण्याची रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही चालू ठेवली. एकीने ही विद्या पुस्तकात जतन केली, दुसरीने हातात. पुस्तकातून प्रमाण कळते. पण भांडे उतरविण्याचा क्षण हातालाच कळतो, म्हणून दोहोंचीही गरज होती.

आपल्या देशातील खादीच्या कायद्याशी या इतिहासाची तुलना उद्बोधक ठरते. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या १९५६ च्या अधिनियमात भारतात हाताने कातलेल्या सुती, रेशमी वा लोकरी सुतापासून हातमागावर विणलेले कापड म्हणजे खादी, अशी व्याख्या आहे. हेब्रिडीजने कातणे सोडून विणणे राखले. आपण कातणे आणि विणणे दोन्ही राखली. परंतु खादीच्या या व्याख्येत रंगाचा उल्लेखच नाही, आणि हॅरिसच्या व्याख्येत तो आहे, पण त्याची जागा फक्त बेट, घर नव्हे. कायदा ज्या क्रियेचे नाव घेतो, तिला आधार मिळतो; ज्या क्रियेचे नाव घेत नाही, ती व्यापाराच्या सोयीवर सोडली जाते. याचा अर्थ प्रत्येक घरी पुन्हा रांजण मांडावा असा नव्हे. तसे होणे शक्य नाही आणि इष्टही नाही. परंतु काश्मिरी रंगाऱ्याच्या तीनशे छटांपैकी किती उरल्या, मंजिष्ठा, लाख, डाळिंबाची साल यांचे प्रमाण कोणत्या हातांना अजून ठाऊक आहे, याची मोजदाद त्या हातांच्या हयातीतच व्हावयास हवी. हेब्रिडीजमध्ये ती मोजदाद होईपर्यंत बहुतेक भांडी थंड झाली होती. आपल्याकडे कोठे कोठे चूल अद्याप पेटती आहे.